दीड वर्षाचा डोस आणि नववा दिवस

गुरुवारी सकाळी सहाला चिऊ उठली, पलंगाची कड धरून रोजच्यासारखी खाली उतरली, उजवा पाय टेकवला, डावा टेकवायला गेली आणि किंचाळून मटकन खालीच बसली. मी परत उभी केली तर परत तेच. डावा पाय गुडघ्यात दुमडून वर घेतलेला, एका पायावर भिंतीला धरून उभी आणि ओठ थरथरतायत. आदल्या दिवशी दुपारपर्यंत हीच पोरगी मांजराच्या मागं जिन्यापर्यंत पळत होती.

आज्जी खाटेवरनं बघत होत्या. ह्यांची आज्जी, पंच्याऐंशीच्या पुढं वय, सहसा मध्ये बोलत नाहीत. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "पाय गेला का काय गं पोरीचा?"

माझ्या हातापायातलं बळच गेलं.

तो आठवडा आणि त्याच्या पुढचा आठवडा कसा गेला ते सगळं लिहून ठेवतेय, कारण मला तेव्हा नेमकं असं कुणीतरी सविस्तर सांगायला हवं होतं. डोस देऊ नका असं मी अजिबात म्हणत नाहीये, हे आधीच सांगते. चिऊचे सगळे डोस झालेत आणि पुढचेही होणार. पण डोसनंतर काय होऊ शकतं आणि ते कुठल्या दिवशी होऊ शकतं, हे आईला आधी माहिती असणं आणि नसणं यात फार मोठा फरक आहे हो.

तर बुधवार. चिऊला सतरा महिने पूर्ण झालेले, आरोग्य केंद्राच्या आशाताई दोनदा दारात येऊन सांगून गेल्या होत्या की दीड वर्षाचा डोस राहिलाय, सोळा ते चोवीस महिन्यांच्या मध्ये द्यायचा असतो, उगाच लांबवू नका. सांगलीत तेव्हा पावसानं नुसता उच्छाद मांडलेला, कोयना धरणातनं पाणी सोडणार म्हणून सगळीकडं चर्चा, आम्ही नदीकाठच्या गावभागात राहतो त्यामुळं जुलै-ऑगस्टमध्ये घरात प्रत्येकाचा एक डोळा कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाण्याकडं असतोच, २०१९ ला खालच्या खोल्यांत पाणी आलेलं अजून कुणी विसरलेलं नाही. त्यातनं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आम्ही दोघी आरोग्य केंद्रात गेलो. बाकावर पंधरा-वीस बायका, सगळ्यांच्या मांडीवर पोरं, एक रडलं की दुसरं सुरू.

चिऊला दोन इंजेक्शनं झाली. डाव्या मांडीत त्रिगुणीचा बूस्टर, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात, आणि उजव्या दंडात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस. शिवाय तोंडात पोलिओचे दोन थेंब आणि वरनं व्हिटॅमिन ए चं २ मिली औषध, ते पिवळं चिकट असतं ते. सिस्टर चांगल्या होत्या, एवढ्या गर्दीत पण त्यांनी सांगितलं की आज रात्री ताप येईल, मांडी दुखेल, सुजेल, चोळू नका, काही लावू नका, गार पाण्याची घडी ठेवा, आणि अर्धा तास इथंच बसायचं, लगेच उठून जायचं नाही. मी विचारलं अर्धा तास कशाला, तर म्हणाल्या कुणाला लशीची जोरात रिॲक्शन आलीच तर ती बहुतेक करून पहिल्या काही मिनिटांतच येते, अंगावर गांधी उठणं, तोंड सुजणं, श्वास लागणं, तेव्हा आमच्यासमोर असलेलं बरं, आमच्याकडं त्याचं औषध तयार असतं. आम्ही बसलो. काही झालं नाही. पुढची तारीख, कार्ड जपून ठेवा, झालं.

गोवरच्या इंजेक्शनाबद्दल मात्र "हे गोवर-रुबेलाचं" एवढंच कळलं. पुढं जे झालं ते ह्या न सांगितलेल्या गोष्टीमुळं झालं. पण ते नंतर.

माझी एक मैत्रीण म्हणते तू खाजगीत जाऊन बिनतापाचं घ्यायचं होतंस. आपल्याकडं सगळेच असं विचारतात, दुखरं घेतलं का पेनलेस. मी नंतर डॉक्टरांना ह्याचा अर्थ नीट विचारला. सरकारी त्रिगुणीत डांग्या खोकल्याचे मारलेले जंतू अख्खेच्या अख्खे असतात, त्यामुळं शरीर त्यावर जोरात तुटून पडतं आणि ताप, सूज, दुखणं जास्त होतं. पेनलेसमध्ये त्या जंतूचे फक्त निवडक तुकडे असतात म्हणून त्रास कमी. सुई दोन्हीकडं टोचतेच, पेनलेस म्हणजे सुई टोचत नाही असं नसतं. चिऊचे पहिल्यापासनं सगळे डोस सरकारीतच झालेत आणि त्याचं मला अजूनही काही वाईट वाटत नाही.

रात्री नऊला अंग कोमट लागायला लागलं. साडेदहाला तापलं. अकराला थर्मामीटर काखेत धरला तर १०१.८. चिऊ कण्हत होती, दूध नको, पाणी दोन घोट, मांडीला हात लावू देत नव्हती, इंजेक्शनाच्या जागी लालसर आणि कडक लागत होतं.

आता औषध. आणि इथं आमच्याकडनं जी चूक होता होता राहिली ती आठवली की मला अजून धडधडतं. घरात पॅरासिटामॉलची एक बाटली होती, चिऊ दीड महिन्याची असतानाच्या डोसच्या वेळची, ड्रॉपरवाली, ती तर कधीच एक्स्पायर झालेली. मग हे वरच्या मजल्यावर जाऊबाईंकडं गेले आणि त्यांच्या पोराची बाटली घेऊन आले. तो सहा वर्षांचा आहे. जाऊबाईंनी वरनंच सांगितलं, पाच मिली द्या, एक झाकण. ह्यांनी झाकणात ओतलं पण. मी नुसतं सहज बाटली दिव्याखाली धरली तर त्यावर लिहिलेलं, ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम. आणि चिऊच्या जुन्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलेलं १२० मिलिग्रॅमवालं. म्हणजे तेच पाच मिली, तेच झाकण, तोच गुलाबी रंग, आणि औषध दुपटीहून जास्त गेलं असतं.

हे सगळ्यांनी एकदा आपापल्या घरातल्या बाटलीवर बघाच. ड्रॉप्स असतात त्यात १ मिलीत १०० मिलिग्रॅम, म्हणजे ते जर कुणी सिरपसारखं पाच मिली पाजलं तर एकदम ५०० मिलिग्रॅम. एक सिरप ५ मिलीला १२० किंवा १२५, आणि मोठ्या पोरांचं ५ मिलीला २५०. नाव एकच. डोस वयावर नसतो, वजनावर असतो, एका वेळी किलोमागं १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार ते सहा तास अंतर, आणि चोवीस तासांत चार वेळांपेक्षा जास्त नाही. चिऊचं वजन त्याच दिवशी कार्डावर लिहिलेलं, ९ किलो ८००, म्हणजे तिला साधारण १०० ते १४५ च्या मध्ये. आपल्या मनानं मोजू नका, आपल्या डॉक्टरांकडनं वजनाप्रमाणं लिहून घ्या, पण बाटलीवरचा आकडा मात्र स्वतः वाचा. आणि मुलांना मोठ्यांची ॲस्पिरिनची गोळी चुरून देऊ नका, ते मुलांत धोक्याचं असतं.

मी डॉक्टरांना फोन लावला, रात्रीचे साडेअकरा वाजलेले, खरं तर संकोच वाटत होता. त्यांनी उचलला. आधी वजन विचारलं, बाटलीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवायला लावलं, आणि त्या २५० वाल्याचंच किती मिली द्यायचं ते सांगितलं, झाकणानं नाही, सिरिंजनं मोजून. मग म्हणाले, "तुम्ही गावभागात राहता ना? मग इशारा पातळी आणि धोका पातळी तुम्हाला समजावून सांगायला नको. पाणी ४० फुटांला आलं की सामान वर चढवता आणि ४५ ला घर सोडता. तसंच करायचं. ताप १०२ आहे, पोरगी किरकिरतेय, पाय दुखतोय, दूध कमी पितेय, ही इशारा पातळी. औषध द्या, पातळ कपडे घाला, घोट घोट पाणी पाजा, लक्ष ठेवा."

आणि धोका पातळी कुठली ते त्यांनी एक एक करून सांगितलं, मी कॅलेंडरच्या मागं लिहून घेतलं, तेच इथं देते. झटका आला तर. उठवूनही जागी होत नसेल, मान टाकत असेल, नजर लागत नसेल तर. श्वास जोरात किंवा ओढून घेत असेल, ओठ निळे दिसत असतील तर. तीन तास सलग, कशानंच न थांबता रडत राहिली तर. आठ-आठ तास शू झाली नाही तर. ह्यातलं काहीही झालं तर वाट बघायची नाही, उचलायचं आणि निघायचं, नाहीतर १०८ ला फोन. आणि हे काही नसलं तरी दोन दिवस उलटून ताप राहिला तर दाखवायला आणायचं, कारण मग तो डोसचाच ताप आहे असं धरून बसायचं नाही, लस दिली त्याच दिवसांत दुसरं काहीतरी दुखणं पण आलेलं असू शकतं.

झटक्याचं ऐकून आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, चेहराच पडला. त्यांच्या बहिणीच्या नातवाला तापात आकडी आलेली आणि तेव्हा सगळ्यांनी मिळून त्याला कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली, दातखीळ बसू नये म्हणून तोंडात चमचा घातला. फोन स्पीकरवर होता, डॉक्टर म्हणाले काकू, ह्यातलं एकही करायचं नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तापातली आकडी येते, शंभरातल्या दोन ते पाच मुलांना कधी ना कधी येतेच, बघायला फार भयंकर वाटतं पण बहुतेक वेळा काही मिनिटांत थांबते आणि मेंदूला काही होत नाही. मुलाला कुशीवर करायचं, तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, घड्याळात बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली तर तशीच गाडीत घालून दवाखाना, आणि आधी थांबली तरी पहिल्यांदाच आलेली असेल तर दाखवायचंच. आईंनी गणपती मंदिराच्या दिशेनं हात जोडले आणि चिऊच्या उशाशी बसल्या त्या पहाटेपर्यंत उठल्या नाहीत.

रात्रभर मी दर तासाला हात लावून बघत होते. दीडला १००.४. तीनला परत १०१. बाहेर पाऊस, हे मोबाईलवर पुलाचं पाणी बघतायत, एकतीस फूट, मी चिऊचा ताप बघतेय, घरात दोघंही आकडेच बोलतोय. साडेचारला घाम आला आणि ती शांत झोपली. मला वाटलं सुटलो.

आणि सहाला पाय टेकवेना.

आज्जींच्या त्या वाक्याला कारण होतं. त्यांचं माहेर तासगावकडचं, त्या लहान असताना शेजारच्या एका पोराला ताप आला, कुणीतरी कमरेत इंजेक्शन टोचलं, आणि चार दिवसांत त्याचा तो पाय लुळा पडला तो कायमचाच. काठीवर चालत म्हातारा झाला म्हणे. इंजेक्शन आणि पाय हे दोन शब्द एकत्र आले की त्यांना तोच पोरगा दिसतो, त्यांना कसं काय म्हणू की घाबरू नका.

नऊला क्लिनिक उघडायच्या आधीच आम्ही विश्रामबागला दारात उभे. डॉक्टरांनी चिऊला टेबलावर निजवलं, तळपायाला बोटानं गुदगुली केली, तिनं दोन्ही पाय झटकन मागं घेतले. मग किल्ल्यांचा जुडगा तिच्या पायाजवळ धरला तर तिनं डाव्या पायानंच त्याला लाथ मारली. गुडघ्यावर छोटा हातोडा मारून बघितला. मग मला म्हणाले, "बघितलंत? झोपलेली असताना दोन्ही पाय सारखे हलतायत. वजन पडलं की मांडीचा स्नायू दुखतोय म्हणून टेकवत नाहीये. दुखरा पाय आणि लुळा पाय हे वेगळं असतं. लुळा पाय कपड्यासारखा पडून राहतो, गुदगुली केली तरी मागं येत नाही. तसं कधी दिसलं, कुठल्याही मुलात, तर एक तास पण थांबायचं नाही." मोठ्या स्नायूत इतकं औषध गेलं की दोन-तीन दिवस लंगडणं, उभंच न राहणं हे ह्या वयात बऱ्याच वेळा होतं, फक्त आपण ते आधी बघितलेलं नसतं, कारण दीड आणि अडीच महिन्यांच्या डोसला पोरगं चालतच नसतं. हे मला कधी सुचलंच नव्हतं. तेव्हाही मांडी अशीच दुखली असणार, बिचारीला सांगता येत नव्हतं.

मी आज्जींच्या गावच्या पोराचं सांगितलं. ते म्हणाले आज्जी खोटं सांगत नाहीत. त्या मुलाचा ताप बहुतेक पोलिओचाच असणार, तेव्हा घरोघरी पोलिओ होता. आणि पोलिओचा ताप अंगात असताना स्नायूत इंजेक्शन टोचलं की नेमका तोच हात किंवा पाय जाण्याची शक्यता वाढायची. दुसरं म्हणजे कुल्ल्यातनं पायाची मोठी शीर, म्हणजे मज्जातंतू, जाते, लहान मुलांचा तिथला स्नायू पातळ असतो, सुई शिरेला लागली तरी पाय अधू व्हायचा. म्हणून आता लहान मुलांना लस कमरेत देतच नाहीत, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध देतात, तिथं अशी मोठी शीर नसते. आणि तो मूळचा, रानटी विषाणूचा पोलिओ तर देशात १३ जानेवारी २०११ नंतर सापडलेलाच नाही, ज्या थेंबांमुळं गेला तेच काल हिला पाजलेत.

घरी येऊन हे सगळं मी आज्जींना त्यांच्या कानाशी बसून मोठ्यानं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी तेव्हा इतकी दमलेली होते की बोलून गेले, पाच वर्षाचा बूस्टर असतो म्हणे अजून एक, तो मी देणारच नाही, परत ही रात्र नको.

आज्जी एकदम उठून बसल्या. त्यांच्या दंडावर देवी काढलेल्या दोन गोल खुणा आहेत, रुपयाएवढ्या, त्यावर हात फिरवत म्हणाल्या, "आसं बोलू नगंस. माझा धाकला भाऊ डांग्या खोकल्यानं गेला. चिऊएवढाच व्हता. खोकून खोकून निळा पडायचा, श्वास आत वढताना कोंबडं आरवल्यावानी आवाज यायचा. आमी सगळी त्येच्या भवतीनं बसलेली आन् करायला काईच न्हाई. आईनं त्येला महिनाभर खांद्यावर घेतला व्हता." मग जरा वेळानं, "एक रात ताप आला तर आला की गं."

इतक्या वर्षांत त्यांनी हा भाऊ कुणाला सांगितलेला नव्हता. आईंना पण माहिती नव्हता.

आज्जींना आंबेहळद उगाळून लेप लावायचा होता, हळदीच्या गावात राहून हळद लावायची नाही हे त्यांना पटेना, पण डॉक्टरांनी जागेवर काहीच लावू नका म्हणून बजावलेलं. गार पाण्याची घडी ठेवत राहिलो. गुरुवारी दुपारनंतर ताप आला नाही. शुक्रवारी लंगडत लंगडत, भिंतीला धरून. शनिवारी सकाळी मांजर दिसलं आणि ती पळाली. जिथं सुई टोचली तिथं आत हरभऱ्याएवढी टणक गाठ राहिली, ती काही आठवडे राहते म्हणाले, लाल होऊन गरम लागली, वाढायला लागली किंवा पू दिसला तरच दाखवा.

मला वाटलं संपलं. डोक्यातनं डोस हा विषयच गेला.

आणि मग त्याच्या पुढच्या शुक्रवारी, डोसला नऊ दिवस झालेले, चिऊला अचानक १०१ ताप. सर्दी नाही, खोकला नाही, पोट ठीक. संध्याकाळी आंघोळ घालताना बघते तर कानाच्या मागं, मानेवर आणि पाठीवर बारीक बारीक लाल पुरळ. हात लावला तर किंचित खरबरीत. आई म्हणाल्या गोवर आला. लगेच त्यांनी शेजारनं कडुलिंबाचे डहाळे आणून दाराला लावले, चिऊच्या उशाला ठेवले, आणि स्वयंपाकघरात जाहीर केलं की घरात फोडणी द्यायची नाही.

ही रात्र मला पहिलीपेक्षा जड गेली, कारण पहिल्या रात्री निदान सिस्टरांचा शब्द होता, ताप येणार म्हणून. ह्या रात्री काहीच नव्हतं. मनात काय काय यायला लागलं, गोवरची लस देऊन गोवर कसा आला, म्हणजे लस खराब होती का, का लशीनंच आजार दिला, का डोसच्या दिवशी बाकावर शेजारी बसलेल्या पोराकडनं आलं, २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडं आणि मालेगावात गोवराची साथ आलेली तेव्हा टीव्हीवर बघितलेली पोरं डोळ्यासमोर. जाऊबाईंच्या पोराला खाली यायचं नाही म्हणून सांगितलं. धोका पातळीची यादी परत काढून बघितली, त्यातलं एकही नव्हतं, तरी झोप लागेना.

शनिवारी डॉक्टरांनी चिऊला बघितलं, डोळे, घसा, कान, गालाच्या आतली बाजू, छाती, आणि मग पहिला प्रश्न, "डोस कधी झाला?" मी तारीख सांगितली. त्यांनी बोटांवर दिवस मोजले आणि मान हलवली. त्रिगुणीत जिवंत जंतू नसतात, तिचा जो काही त्रास असतो तो बहुतेक पहिल्या एक-दोन दिवसांत. गोवरची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते, तो शरीरात हळूहळू वाढतो तेव्हा कुठं शरीर त्याला ओळखायला शिकतं, त्यामुळं तिचा ताप, पुरळ यायचंच असेल तर सातव्या ते बाराव्या दिवसाच्या आसपास येतं. एक-दोन दिवस ताप, दोन-तीन दिवस पुरळ, आपोआप जातं. असं पुरळ दुसऱ्या मुलाला लागत नाही, भावाला खाली खेळायला येऊ दे.

मी म्हटलं पण नवव्या महिन्यात पहिला डोस झाला तेव्हा तर काहीच आलं नव्हतं. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला फार पटलं. नऊ महिन्यांच्या डोसनं शंभरातल्या साधारण ८५ मुलांत संरक्षण तयार होतं, उरलेल्यांत ते होतच नाही, आईकडनं आलेलं संरक्षण अजून अंगात असतं आणि ते लशीला काम करू देत नाही. त्या उरलेल्यांसाठीच हा दुसरा डोस. ज्यांचा पहिला लागू पडलेला असतो त्यांना दुसऱ्या वेळी सहसा काही होत नाही, ज्यांचा पडलेला नसतो त्यांचा हाच खरा पहिला असतो. "हिची तशी शक्यता आहे. पण छातीठोक नाही सांगणार. पावसाळ्यात साध्या व्हायरलनं पण असंच पुरळ उठतं. पोरगी हसतेय, पाणी पितेय, श्वास चांगला आहे, एवढं आपल्याला पुरे." हे त्यांनी खरं सांगितलं म्हणून मला जास्त धीर आला. घरी काचेचा ग्लास पुरळावर दाबून बघायला शिकवलं, दाबल्यावर लाली जाते का ते बघायचं. जात नसेल, जांभळे ठिपके राहत असतील तर रात्र असो वा दिवस, लगेच. चिऊची लाली जात होती.

हे नऊ दिवसांचं मला बुधवारीच कुणी एका वाक्यात सांगितलं असतं तर ती शुक्रवारची रात्र झालीच नसती. सिस्टरांना मी दोष देत नाही, बाकावरची गर्दी मी बघितलीये, आणि खरं तर त्रिगुणीचा ताप बहुतेकांना येतो आणि हा थोड्यांनाच, म्हणून हे सांगायचं राहून जात असेल. पण आशाताई परत आल्या तेव्हा मी त्यांना बसवून घेतलं आणि म्हटलं ताई, दोन्ही सांगत जा हो, पहिली रात्र पण आणि दुसरा आठवडा पण. त्यांनी वहीत लिहून घेतलं. माझ्या चुलतबहिणीचं पोरगं मिरजेला, त्याचा दीड वर्षाचा डोस ऑगस्टअखेर आहे, तिच्या कॅलेंडरवर मी स्वतः जाऊन डोसच्या दिवसाला एक गोल केला आणि सातव्या दिवसापासनं बाराव्यापर्यंत एक लांब रेघ ओढून आले. आणि तिच्या घरातली पॅरासिटामॉलची बाटली बघून आले.

चिऊचं पुरळ सोमवारपर्यंत फिकट होत गेलं. कडुलिंबाचा पाला दाराला तसाच होता, वाळून कुरकुरीत झालेला. डॉक्टरांनी सगळं खायला द्या म्हणून सांगितलेलं तरी आईंनी तीन दिवस फोडणी दिली नाही आणि मी पण आग्रह केला नाही, त्यांचाही जीव त्यातच अडकलेला होता. मंगळवारी सकाळी त्यांनी चिऊचा झबला वर करून पाठ उजेडात नीट बघितली, मान बघितली, कानामागं बघितलं, आणि काही न बोलता आत जाऊन आमटीला फोडणी दिली.

मांडीतली गाठ अजून हाताला लागते. हरभऱ्याएवढी होती ती आता मुगाएवढी झालीय.